कुत्र्याच्या गळ्यात आमचा पत्ता

इंग्लंडात येऊन स्थिरावल्यावर मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला. गावाकडच्या वस्तीत कुत्री कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांचीच होती. येथे तसे चालत नाही. परवान्याची पद्धत १९८७ साली बंद झाली असली, तरी ६ एप्रिल २०१६ पासून मायक्रोचिप सक्तीची आहे. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआत तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कातडीखाली बसवून मालकाचे नाव-पत्ता नोंदवायचा. नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड. १० जून २०२४ पासून मांजरांनाही चिप लागते. आम्ही घेतलेले कुत्रे मोठे होते. चिप होतीच, नोंद तेवढी आमच्या नावावर करून घेतली. रस्त्यावर नेताना गळपट्ट्यावर नाव-पत्ता हवाच. घर भाड्याचे, म्हणून घरमालकाची लेखी परवानगी त्याआधीच घेतली होती.

२००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने आहार, निवारा, दुखण्यावर उपचार ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. "पाणी देणेसुद्धा कायद्यात?" धाकटीने विचारले.

तेव्हा आम्ही तिला महाड सांगितले. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, आपल्या माणसांना मात्र बंदी. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तेथे गेले व पाणी प्याले, तेव्हा कुठे त्याला अर्थ आला.

"मग तुम्हाला गुरांचा राग येत होता का?"

गुरांचा कधीच नाही, आम्ही म्हणालो.

पाण्याचे भांडे धुण्याचे काम आता तिने आपणहून घेतले आहे.