आमरीची मुळे

२०१७ च्या जून महिन्यात माझी बदली गुवाहाटीला झाली. मिळालेल्या सरकारी निवासस्थानाच्या व्हरांड्यात, पूर्वीच्या अधिकाऱ्यांनी मागे ठेवलेली एक आमरी कुंडीत होती. ऑर्किडला मराठीत आमरी असा गोड शब्द आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. आसामात या जातीला 'कपौ फूल' म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यपुष्प असून एप्रिलमधील रोंगाली बिहूत नाचणाऱ्या मुली ते अंबाड्यात माळतात. हीच जात सह्याद्रीतही आढळते आणि आपल्याकडे तिला सीतेची वेणी म्हणतात. घरापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर गावचे कोणी भेटावे, तसे मला वाटले.

त्याच सुमारास माझ्या हाताखाली एक तरुण अधिकारी रुजू झाला. मराठवाड्यातला, पहिलीच नेमणूक, अबोल. परप्रांतात आपल्या भाषेचा मुलगा भेटला, याचा मला कोण आनंद! रविवारी तो आमच्याकडे जेवायला असे. सोमवार ते शुक्रवार त्याच्या प्रत्येक टिपणीवर माझे लाल पेन चाले. त्याचे इंग्रजी जरा कच्चे होते. चूक होऊन त्याच्या नावावर ठपका येऊ नये म्हणून मी त्याचे मसुदे संपूर्ण नव्याने लिहून देत असे. हे सारे प्रेमापोटी, यात शंका नाही.

आमरीवरही माझे असेच प्रेम होते. पाने मलूल दिसली की पाणी, आणखी मलूल झाली की आणखी पाणी. कुंडीत बागेतली माती आणि शेणखतही घातले. फेब्रुवारी २०१८ पर्यंत पाने सुरकुतली. अखेर बागेची देखभाल करणाऱ्या वृद्ध माळीदादांना दाखवले. त्यांनी काही न बोलता झाड उपटले. मुळे तपकिरी, लिबलिबीत झाली होती. बोटांनी ओढताच वरचे आवरण निघून येई आणि हाती नुसता दोरा उरे. "सर, हे तहानेने मरते आहे आणि तहान तुमच्या पाण्याने लागली आहे," ते म्हणाले.

नंतर मी या विषयावर थोडे वाचले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ मध्ये देशातील आमरींच्या १,२५६ जातींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील ७५७ जाती झाडांवर वाढणाऱ्या आहेत. त्यांची मुळे मातीत नसून उघड्या हवेत असतात. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. पाऊस आला की ते क्षणात पाणी टिपते आणि मग वाऱ्यावर सुकते. सुके मूळ चंदेरी दिसते, ओले हिरवे. हे भिजणे आणि सुकणे हाच त्याचा श्वास. सतत ओल राहिली की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून पाने सुकतात. आणि पाने सुकली म्हणून आपण आणखी पाणी घालतो! अर्थशास्त्राच्या वर्गात घटत्या सीमांत उत्पादनाचा नियम मी पाठ केला होता. ते उत्पादन शून्याच्याही खाली जाते, हे व्हरांड्यात पाहिले.

माळीदादांचा उपचार साधा होता. ज्योतीवर तापवलेल्या पात्याने कुजके सारे कापले. जी तीन-चार मुळे घट्ट होती तेवढीच ठेवली. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावली आणि झाड दोन दिवस सावलीत कोरडे ठेवले. मग लाकडाच्या एका ओंडक्यावर ते सुतळीने पक्के बांधले. झाड हलत राहिले तर नव्या मुळांची कोवळी टोके मोडतात, म्हणून आधार मात्र पक्का हवा. खत बंद. पाणी सकाळी, तेही संध्याकाळपर्यंत मुळे सुकतील इतकेच. "आता रोज बघा, पण हात लावू नका," असे बजावून ते गेले.

एप्रिलमध्ये त्या तरुणाचा वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल लिहायला मी घरी बसलो होतो. पुढाकार व निर्णयक्षमता यांच्या रकान्यांपाशी आलो. वर्षाच्या उत्तरार्धात त्याच्या टिपण्यांत स्वतःचे मत येणेच थांबले होते. वस्तुस्थिती मांडायची आणि खाली 'आदेशार्थ सादर' लिहायचे, एवढेच. 'स्वतंत्र विचाराचा अभाव' हे शब्द माझ्या मनात तयार होते. तेवढ्यात समोर ओंडक्यावर नजर गेली. पानांच्या बुडाशी एक नवे मूळ फुटले होते, हिरव्या टोकाचे, तांदळाच्या दाण्याएवढे. माझे पेन थांबले. ज्याला मी वर्षभर एक परिच्छेदही स्वतःचा ठेवू दिला नाही, त्याच्याकडे पुढाकार नाही असा शेरा मी मारणार होतो. आणि तो शेरा त्याच्या सेवेत कायम राहिला असता.

अहवालात मी लिहिले की त्याला या वर्षी स्वतंत्र कामाची संधी देण्यात आली नाही. मग अनुदान विनियोगाच्या तपासणीचे एक प्रकरण पूर्णपणे त्याच्याकडे सोपवले. काय तपासायचे आणि केव्हापर्यंत, हे पक्के ठरवून दिले. कसे, ते सांगितले नाही. पहिल्या अहवालात त्याची बेरीज चुकली. वित्त शाखेने फाईल परत केली. मला ती चूक आधीच दिसली होती, तरी मी गप्प राहिलो. ते सोपे गेले नाही. त्याने स्वतः दुरुस्ती केली, आणि पुढल्या टिपणीत प्रथमच माझ्याहून वेगळे मत सकारण नोंदवले. त्याचे बरोबर होते.

२०१९ च्या बिहूला आमरीला फुलांचा तुरा आला. जूनमध्ये माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी तो म्हणाला, "सर, पहिल्या वर्षी मी राजीनामा लिहून ठेवला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दिला नाही."

प्रशासनात दुर्लक्षाने होणाऱ्या हानीची चौकशी होते; अतिकाळजीने होणाऱ्या हानीची फाईल कधी उघडतच नाही. म्हणून ती मीच इथे उघडतो आहे.

आमरी मी बरोबर आणली नाही. माळीदादांनी ती आवारातल्या आंब्याच्या फांदीवर बांधली. पुढच्या अधिकाऱ्यांसाठी रिकामी कुंडीसुद्धा मी मागे ठेवली नाही.