डोमकावळी आई

जर्मन शिकताना 'राबेनमुटर' हा शब्द आम्हांला प्रथम भेटला. शब्दशः अर्थ 'डोमकावळी आई'. रूढ अर्थ पोराकडे दुर्लक्ष करणारी, आणि टोमण्यात, तान्हे मूल घरी ठेवून नोकरीला जाणारी बाई. हा शब्द निव्वळ लोकरूढीवर जगला, असे आम्हांला वाटत नाही. कायद्यानेही त्याला पोसले. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत पत्नीने नोकरी करावी ती संसाराची कर्तव्ये सांभाळूनच, असे कलम होते. १९५८ पासूनची पतिपत्नींची एकत्रित करआकारणी तर आजही कमी मिळवणाऱ्या जोडीदाराच्या, म्हणजे बहुधा बाईच्या, कमाईवर जड पडते. २०१९ मधील एका तुलनात्मक अभ्यासानुसार, पहिल्या मुलानंतर आईच्या कमाईत दीर्घकाळ राहणारी तूट डेन्मार्कमध्ये सुमारे २१ टक्के, तर जर्मनीत ६१ टक्के आहे.

अलीकडे कायदा वळला. २००७ साली पालकभत्ता आला. त्यातले दोन महिने दुसऱ्या पालकानेही रजा घेतली तरच मिळतात. २०१३ पासून वर्षाच्या मुलाला पाळणाघरातल्या जागेचा हक्क आहे. कायदा बदलतो; शब्द मागे रेंगाळतो. जर्मन कोशात 'राबेनफाटर'ही आहे. पण सकाळी कामावर निघालेल्या बापाला तो कोणी लावत नाही.