काचपेटीतला उन्हाळा

भालकी, १२ मे

भाचा पुण्याहून आला तो दाढीवाला सरडा घेऊनच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. दोन दिवस त्याच्या काचपेटीसाठी मातीत हात घातले. आमची काळी माती चिकट, पाणी धरून ठेवणारी; म्हणून तळाला बीदरहून आणलेली जांभ्याची खडी, वर लाल माती नि वाळू, मग आंब्याचा पाचोळा. कुंडीखालचे करडे, चौदा पायांचे किडे चिमटीने सोडले. विष्ठा नि कुजका पाला खाऊन पेटी तेच साफ ठेवतात. एक तर बोट लागताच गोळी झाला!

दिव्याखाली चाळीस अंश हवेत म्हणे. ते आमच्या अंगणात फुकट मिळतात. पण काच अतिनील किरण अडवते, म्हणून वेगळा दिवा लागतोच.

कुंपणावरचा आमचा सरडा मान हलवत बघत होता. त्याला पकडायचं नाही, असं भाच्याला बजावलंय.