घरोघरचा निरोप

१२ जून २०२५

आमचूर विकून झालं, बियाणं घरात आलं. पेरणीचा पाऊस पडेपर्यंत माणसं घरी सापडतील, मग सगळी शेतात. म्हणून अंगणवाडीच्या घरभेटी याच आठवड्यात उरकायच्या.

नंदुरबारमधल्या मोलगीच्या या डोंगरांत गाव एका जागी दाटलेलं नसतं. ज्याचं शेत जिथे, त्याचं घर तिथे. एक या टेकडीला, दुसरं नाल्यापलीकडच्या टेकडीला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद चिकटवला म्हणून गावाला कळलं असं होत नाही. निरोप चालतच न्यावा लागतो.

वरच्या पाड्यावर एका बापाने स्पष्टच सांगितलं, "ताई, यंदा पोराला बाजारगावच्या इंग्लिश नर्सरीत टाकतो. जीप खाली रस्त्यापर्यंत येते. तुमच्याकडे काय, खिचडी खातात अन् येतात."

त्याला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. उसाच्या फडात राबून आलेल्या माणसाला पोराच्या गळ्यात टाय बघावासा वाटतो, यात गैर काय? अंगणवाडीतून घरी बातमी जाते ती पाकिटाची, अंड्याची, लसीची. पोर तिथे काय करतं, ही बातमीच जात नाही. मी त्याला योजना सांगितलीच नाही. म्हटलं, "दादा, काल तुझ्या पोरासमोर खड्यांचा ढीग ठेवला. कुणी न सांगता त्याने लहान-मोठे वेगळे केले. मग मोठ्यांतले काळे निवडून बाजूला ठेवले. शेवटी म्हणतो, हे बैल, हे गोऱ्हे." बाप खाटेवरून उठला, पोराला हाक मारली आणि अंगणातले खडे त्याच्यापुढे टाकले. पोराने पुन्हा तेच केलं. बाप बराच वेळ बघत बसला.

१६ जून

शाळा उघडल्या. सकाळी जीप भरून गेली, आपल्या यादीतली काही पोरंही तिच्यात गेली. खडेवाला आला. त्याची बहीण, जेमतेम नऊ वर्षांची, एका हाताने त्याला धरून आणि कडेवर धाकटीला घेऊन आली. दोघांना सोडून ती शाळेकडे पळाली.

तीन वर्षांखालचं मूल पूर्ण वेळ सांभाळायचं आमच्या कामात बसत नाही. पण धाकटीला परत पाठवलं तर मोठीची शाळा बुडते. बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघांनी हे कोसबाडला वारली पाड्यांत पाहिलं होतं. ताराबाई मोडक आणि त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी एकत्र विकासवाडी उभारली. घरातलं एक मूल यायला हवं असेल तर घरातल्या सगळ्या मुलांचा विचार करावा लागतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. धाकटी आज मदतनीस ताईंच्या मांडीवर झोपली.

१ जुलै

आजपासून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटासाठी पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळावा लागतो. आधी आधारची ओळख, मोबाईलवर ओटीपी, मग आईचा फोटो. इथे आधारला जोडलेला नंबर बहुतेकींच्या नवऱ्याचा. त्यातला एखादा गुजरातेत कामावर असताना घेतलेला, आता बंद. रेंज वरच्या टेकडीवर. बाया लेकरं पाठीला बांधून टेकडी चढल्या, ओटीपी आला तोवर वेळ संपली.

एकजण चिडून म्हणाली, "माझं तोंड तुला माहीत नाही का?" तिचं खरंच होतं. तिचं बाळंतपण मी पाहिलं आहे. तिला खाली बसवून सांगितलं की हे कशासाठी आहे, कुठे अडतं आणि नंबर कुठे बदलून मिळतो. एकदा कारण कळलं की बाई दुसऱ्यांदा टेकडी चढते. नुसतं "वरून आदेश आहे" म्हटलं की चढत नाही. हे मी मासिक बैठकीतही बोलणार आहे.

८ जुलै

अन्नप्राशन ठेवलं होतं. सहा महिने पूर्ण झालेली दोन बाळं. बोलावणं आयांना नव्हतं, आज्यांना होतं. आई निंदणीला जाते, बाळाच्या तोंडात पहिला घास कधी आणि कशाचा जाणार हे आजी ठरवते. भगर शिजवली, त्यात डाळ घोटून घातली. एका आजीने बोटाने चाखून सांगितलं की पातळ झालं, असं नाही द्यायचं, चमच्यावरून घसरता कामा नये. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं. मी तिलाच सगळ्यांपुढे पुन्हा सांगायला लावलं, आपल्या भिलीत.

२३ जुलै

नाल्याला पूर. पलीकडचं कुणी आलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेत स्वतः होडी वल्हवत अलीगट आणि दादरच्या बाळांपर्यंत जात होत्या. याच जिल्ह्यातली आमची बाई ती. पाणी उतरलं की उद्या पलीकडे आधी जायचं.

९ ऑगस्ट

आदिवासी दिन. ढोल, बासरी, गर्दी. रॅलीनंतर एका झाडाखाली ताडपत्री टाकून पोरांनी केलेल्या मातीच्या वस्तू मांडल्या. बैल, चूल, मोबाईल, ऊस भरलेला ट्रक. फलक नाही, माईक नाही. प्रत्येक वस्तूखाली फक्त पोराने त्याबद्दल काय सांगितलं ते लिहिलं होतं. वाचता न येणाऱ्यांना मदतनीस ताई वाचून दाखवत होत्या.

सभेला कधी न येणारे बाप इथे वाकून आपल्या पोराची वस्तू शोधत होते. ऊस भरलेल्या ट्रकखाली लिहिलं होतं: यात आई बसली आहे. त्याचा बाप ते दोनदा ऐकून गेला.

२४ ऑगस्ट

व्हॉट्सॲपवर लिहिलेलं फार कमी जण वाचतात. आता आवाज पाठवते, भिलीत, अर्ध्या मिनिटाचा आणि ज्याच्या पोराबद्दल आहे त्यालाच. पोरांचे चेहरे ग्रुपवर टाकत नाही. वजन कमी भरलं हे तर चारचौघांत कधीच सांगत नाही. एका घरची लाज दुसऱ्या घरी गेली तर ती आई परत येणार नाही.

२५ सप्टेंबर

पोषण माह चालू आहे. एका दीड वर्षाच्या मुलीचा दंड जुलैत १२ सेंटिमीटर भरला होता, पट्टी पिवळ्यात. साडेअकराच्या खाली लाल लागतो. तेव्हा आईला आकडा न सांगता पट्टीच तिच्या हातात दिली होती. अमृत आहार योजनेतलं आठवड्याला चार दिवसांचं अंडं मुलगी केंद्रात खाते की नाही, हे ती स्वतः येऊन बघायची. घरी भाकरी तेलात कुस्करून देऊ लागली. आज पट्टी तिनेच गुंडाळली, हळूच ओढली, वाचली. हिरवं. मी नोंद केली. ती पट्टी घेऊन शेजारणीकडे गेली, तिच्या पोराचा दंड मोजायला.

२ ऑक्टोबर

एकात्मिक बालविकास योजनेला आज ५० वर्षं झाली. १९७५ मध्ये देशातल्या ३३ प्रकल्पांत ती सुरू झाली होती. दसराही आजच. दुपारी ग्रामपंचायतीजवळ माणसं जमली तेव्हा बायांनी विषय काढला: अंगणवाडी दुपारी सुटते, आम्ही शेतातून अंधार पडताना येतो, मधल्या वेळेत लहान पोर कुणाकडे? केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं, हे मी सांगितलं. पुढचं बायाच बोलल्या. ठरावासाठी अंगठे आणि सह्या गोळा झाल्या.

२५ ऑक्टोबर

ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली घरं निघू लागली. जे कुटुंब जातं त्याला पोराचं वजन, लसी आणि माझा नंबर लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून देते. ट्रॅकरवर नाव दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येतं, पण फडाजवळची अंगणवाडी शोधायला आईला विचारावं लागतं, म्हणून काय आणि कुणाला विचारायचं तेही म्हणवून घेते.

खडेवाल्याचा बाप सकाळी आला. दोघं नवरा-बायको बारडोलीकडे जात आहेत, तिन्ही पोरं आजीपाशी ठेवून. "धाकटीला संध्याकाळपर्यंत ठेवशील का?" त्याने विचारलं. मी ठरावाचं सांगितलं आणि मंजुरी येईपर्यंत काय जमेल तेही स्पष्ट सांगितलं: दुपारपर्यंत इथे, नंतर मदतनीस ताई आजीकडे पोचवतील. त्याने रोज आवाज पाठवायला सांगितलं, तिघांचाही. ठरावाची प्रत सोमवारी प्रकल्प कार्यालयात द्यायची आहे.