उचलणार कोण?

वस्तू विकत घेताना माणूस तिची किंमत पाहतो. तिचे वजन पाहावे हे त्याला सहसा सुचत नाही. मलाही ते सुचले नव्हते.

वसई सोडून मी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात स्थायिक झालो. या एका प्रांतात अडीच लाखांहून अधिक तळी आहेत, हे ऐकून मन हरखले होते. आमच्या वाडीत एकच बावखल होते. पावसाळ्यात बाबा त्याच्या काठी गळ टाकून बसत आणि मी गांडुळांचा डबा सांभाळीत असे. २००९ च्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी येणार असे ठरले, तेव्हा त्यांना येथल्या तळ्यात मासेमारीला न्यायचेच, असा मी निश्चय केला.

रानातल्या लहान तळ्यांपर्यंत मोटारबोट पोहोचत नाही. तेथे कनूच हवी. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालणारी होडी. येथील आदिवासी ती भूर्जाच्या सालीची बनवीत आणि दोन तळ्यांमधली वाट ती खांद्यावर घेऊन चालत. नवी कनू माझ्या ऐपतीबाहेरची होती. तीनशे डॉलरांत एक जुनी मिळाली. सतरा फुटी, जाड पॉलिएथिलीनची, लालभडक, अंगावर ओरखडासुद्धा नाही! विकणाऱ्याने आपल्या दोन मुलांना हाक मारून ती माझ्या गाडीवर चढवली. त्यातला अर्थ मला उमगला नाही.

बाबांनी आल्यावर तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "छान आहे रे, पण ही उचलणार कोण?"

वजन होते ८५ पौंड, म्हणजे ३८ किलोंच्या वर. गाडीपासून तळ्यापर्यंत तीनशे पावलांची दगडधोंड्यांची वाट. मी आणि पत्नीने तिच्याशी झटापट केली. शंभर पावलांवर माझी पाठ धरली आणि आम्ही परतलो. उरलेला उन्हाळा बाबा शहराजवळच्या एका धक्क्यावर गळ टाकून बसले. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. सप्टेंबरात ते वसईला परतले आणि २०१२ साली निवर्तले. कनू परसात पालथी पडून राहिली.

पुढे २०१६ साली मी ती विकली आणि दुसरी शोधू लागलो. या वेळी बाबांचा प्रश्न बरोबर होता.

प्रत्येक जातीच्या होडीचे गुणदोष निराळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रुमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या कनू काढल्या. त्या उन्हापावसाला दाद देत नाहीत. मात्र वल्हे काठावर आपटले की आवाज पाण्यात घुमतो आणि मासा सावध होतो. केव्हलरची कनू चाळीस-पंचेचाळीस पौंडांचीही मिळते, पण जुनी झाली तरी तिचा भाव उतरत नाही. फायबरग्लासची स्वस्त असते व घरी दुरुस्त होते. रॉयलेक्स नावाचे थरांचे प्लास्टिक दगडावर आपटले तरी सहसा फुटत नाही, पोचा आला तर उन्हाने बराचसा भरूनही येतो. २०१४ नंतर ते तयार होत नसल्याने जुन्या बाजारातच शोधावे लागते.

मी दहा-बारा होड्या पाहिल्या. हळूहळू कळले की ओरखडे हे कातडीचे दुखणे आहे. त्यांना भिऊ नये. भ्यावे ते हाडांच्या दुखण्याला. होडी पालथी घालून तळ अंगठ्याने दाबावा. मऊ लागला तर आतले थर सुटले आहेत. काठाची लाकडी पट्टी टोकांपाशी नखाने टोकरावी. कूज तेथूनच सुरू होते. बैठकीचे बोल्ट हलवून पाहावेत. मागच्या टोकाला कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक सहसा होडीचे साल सांगतात. लहान तळ्यात मासेमारीसाठी पंधरा-सोळा फूट लांबी आणि रुंद, बराचसा सपाट तळ पुरे. मासा ओढताना ती डगमगत नाही. शिवाय प्रत्येकासाठी तरंगते जाकीट, पंधरा मीटर तरंगता दोर, पाणी उपसायचे भांडे, शिट्टी आणि मासेमारीचा परवाना यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

आणि सर्वांत शेवटी ती स्वतः उचलावी. कनूच्या मध्यावर एक आडवी दांडी असते. तिच्यात मान बसवून होडी पालथी खांद्यावर घ्यायची. त्या दांडीला येथे 'योक' म्हणतात. योक म्हणजे जू! बाबा बैल घेताना दात पाहत, पण जुवाखाली चार पावले चालवल्याशिवाय इसार देत नसत. येथे बैल मीच होतो. पाचशे डॉलर मागणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या अंगणात मी सोळा फुटी, हिरवी, ओरखड्यांनी भरलेली रॉयलेक्सची कनू खांद्यावर घेतली आणि कुंपणापर्यंत जाऊन आलो. साठ पौंड. मी घासाघीस केली नाही.

आता पीटरबरोच्या उत्तरेकडील तळ्यांवर मी बहुधा एकटाच जातो. पुढच्या बैठकीवर कोणी नसले की होडीचे नाक वर उचलते आणि वारा तिला फिरवू लागतो. म्हणून मी तेथे पाण्याने भरलेला कॅन ठेवतो. बाबा सडपातळ होते. त्यांच्या वजनाने होडी अगदी समतोल राहिली असती.