फुकटचा मंत्र

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने मांत्रिक व्हावे की नाही, याविषयी धर्मशास्त्रात काही सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, तालुक्याच्या गावी मास्तरकी करून उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या गृहस्थाने तर मुळीच होऊ नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी मांत्रिक झालो खरा. आणि त्याला निमित्त झाले आमचे चिरंजीव.

चिरंजीव पुण्याला कॉलेजात आहेत. पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि दोन विषय राहिल्याचे कळले. गणितात उत्तम गुण. राहिले ते नेमके ज्यांत चार पाने स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात असे विषय. मास्तराच्या, त्यातून लेखकाच्या मुलाचे असे व्हावे याचे गावाला नवल वाटले. मला राग आला. मी दोन वाक्ये बोललो, तो एकही बोलला नाही आणि मग घरात आठ दिवस कुणीच फारसे बोलेना. तो आपला माडीवर संगणकापुढे बसून राही.

नवव्या दिवशी ही म्हणाली, "अहो, तुम्ही तरी वर जा. काही विचारू नका, नुसते शेजारी बसा."

मी गेलो. पडद्यावर बर्फाचा डोंगर होता आणि त्यावरून एक झगा घातलेला इसम धापा टाकीत चालला होता.

"हा काय खेळ रे?" मी विचारले.

"स्कायरिम," तो म्हणाला. आठ दिवसांतला तो त्याचा पहिला शब्द.

हा खेळ अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजने ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला आणि २०१६ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. आरंभच असा की आपण हात बांधलेले कैदी म्हणून गाडीतून हेल्गेन नावाच्या गावी नेले जातो. मान ठोकळ्यावर ठेवतो न ठेवतो तोच आभाळातून एक ड्रॅगन उतरतो आणि त्या गोंधळात आपण निसटतो. पुढे कोण व्हायचे, योद्धा, चोर की मांत्रिक, हे ज्याचे त्याने ठरवायचे. कादंबरीकाराला याचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही. आमच्या नायकाने काय व्हावे हे पहिल्या प्रकरणात आम्हालाच ठरवावे लागते आणि शेवटच्या प्रकरणात निस्तरावेही लागते.

मी मांत्रिक व्हायचे ठरवले. तेथे मंत्रांच्या पाच शाखा आहेत. त्यांना मी मनाशी मराठी नावे दिली: विध्वंस, आवाहन, रूपांतर, माया आणि संजीवन. उत्तरेला समुद्रकाठच्या कड्यावर विंटरहोल्डचे मंत्रविद्यापीठ आहे. खालचे गाव बहुतेक समुद्रात कोसळलेले, विद्यापीठ तेवढे उभे. तेथे टोल्फदिर नावाचे एक म्हातारे गुरुजी आहेत. पहिल्याच तासाला पोरांना काहीतरी भव्यदिव्य शिकायची घाई असते आणि हे म्हणतात, आधी स्वतःभोवती कवच कसे उभे करायचे ते शिका. शिवाय हे गुरुजी आपले अर्क काढायचे पात्र वरचेवर कोठेतरी विसरून येतात आणि विद्यार्थ्याला शोधायला पाठवतात. माझ्या चष्म्याची आठवण होऊन चिरंजीव गालातल्या गालात हसले. मी ते न पाहिल्यासारखे केले.

पण मूळ खेळात मांत्रिकाचे गणित बिघडलेले आहे. आरंभी त्याची मंत्रशक्ती शंभर. पातळी वाढेल तेव्हा हवी तर दहाने वाढवावी. दोनचार ज्वाळा फेकल्या की गंगाजळी संपते आणि मांत्रिक दरोडेखोराच्या पुढे टेबलाभोवती पळू लागतो. पुढे कौशल्य वाढते, पण विध्वंसाच्या मंत्राचा घाव त्याने वाढत नाही. खर्च तेवढा कमी होतो. तलवारवाला आपली तलवार सहाणेवर नेऊन तिला धार लावीत पुढे जातो. मांत्रिकाचा अग्निबाण आपला पंचवीसाला पंचवीस. झाडावरची दोन फळे घेतली तर त्यावर निम्मी भर पडते एवढेच. झाड म्हणजे त्या खेळातल्या कौशल्यांचे नक्षत्रासारखे आकाशात काढलेले झाड.

"मग खेळ अवघड कर किंवा सोपा कर," मी म्हणालो.

"त्याने काही होत नाही बाबा," तो म्हणाला. "सगळ्यात अवघड पातळीवर आपला मार चौथाई होतो आणि शत्रूचा तिप्पट. लढाई नुसती लांबते."

हे मला पटले. पेपर अवघड काढणे आणि तपासताना हात आखडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मास्तराला सांगावे लागत नाही.

यावरचा उपाय म्हणजे मॉड. विकत घेतलेल्या खेळात इतर हौशी लोकांनी घरबसल्या केलेले फेरफार, असे त्याचे वर्णन करता येईल. नेक्सस मॉड्स नावाच्या संकेतस्थळावर ते हजारोंनी ठेवलेले आहेत. आपल्याकडे दिवाळीत पोरे अंगणात किल्ला करतात, त्याचाच हा प्रकार. किल्ला महाराजांचा, पण शेजारचा बंड्या त्यावर आगगाडी नेऊन ठेवतो, कुणी मावळ्याहून मोठा रबरी वाघ बसवतो. मला ही गंमत सांगितल्यावर चिरंजीवांनी एक मॉड दाखवला: त्यात आकाशातून ड्रॅगनऐवजी मुलांच्या गोष्टीतले थॉमस नावाचे आगगाडीचे इंजिन झेपावत येते! बंड्या सगळ्याच देशांत असतो तर.

मग आम्ही बापलेक मॉड निवडायला बसलो. शाळेच्या जुन्या वहीच्या मागल्या पानांवर मी नेम लिहून काढले. पहिला नेम, एकाच गोष्टीला हात घालणारे दोन मॉड घ्यायचे नाहीत. कारण दोघांचे भांडण झाले की यादीत जो शेवटी असेल त्याचे खरे धरले जाते. यादीचा क्रम लावून देणारी लूट नावाची एक वेगळी सोय आहे, पण कुठला मॉड हवा हे ती सांगत नाही. दुसरा नेम, एकदा डाव सुरू झाला की मधेच मॉड काढायचा नाही. राखून ठेवलेला डाव त्याने बिघडू शकतो. तिसरा नेम माझा: प्रत्येक मंत्राची काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे.

पहिला मॉड वादाविना ठरला. मूळ खेळातल्या शेकडो बारीकसारीक चुका दुरुस्त करणारा तो अनधिकृत संच, मुद्रितशोधकाचे काम. पुढे मात्र वाद झाला. त्याला हवे होते ऑर्डिनेटर, म्हणजे कौशल्याच्या झाडांवर चारशेहून अधिक नवी फळे. आणि जोडीला ॲपोकॅलिप्स, म्हणजे १५५ नवे मंत्र. मी म्हणालो, हे लग्नातले पंचपक्वान्न झाले, रोजचे जेवण नव्हे. मला आवडले मिस्टिसिझम आणि ॲडमंट. दोन्ही एकाच हाताचे. एकाने मूळचेच मंत्र नीट घासूनपुसून लावलेले, दुसऱ्याने झाडे. मूळ लेखकानेच दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हात फिरवला असावा, असे वाटण्याजोगे काम.

"तुम्हाला सगळं जपूनच हवं असतं," तो म्हणाला.

"आणि तुला सगळं एकदम," मी म्हणालो. पण हा वाद होता, भांडण नव्हते. आठ दिवसांपूर्वी आमच्यात वादही होत नव्हता. शेवटी तडजोड झाली. झाडे आणि मूळ मंत्र माझे, आणि ॲपोकॅलिप्स त्याचे. मात्र नवा मंत्र दिसला की तो शिकायचा नाही, आमच्या मांत्रिकाच्या स्वभावाला शोभेल तोच शिकायचा. रिक्वायेम नावाचा एक जालीम मॉडही आम्ही एक दिवस लावून पाहिला. त्यात जग आपल्या पातळीप्रमाणे मऊ होत नाही. जे आहे ते आहे. मी गावाबाहेर पडलो आणि मेलो, पुन्हा पडलो आणि पुन्हा मेलो. संध्याकाळी ही चहा घेऊन वर आली तेव्हा म्हणाली, "अजून जिवंत आहात ना?" तो मॉड आम्ही रीतसर काढून टाकला.

राहिला प्रश्न फुकटच्या मंत्राचा. मूळ खेळात एक युक्ती आहे. वस्तूंवर मंत्र भारण्याची विद्या पुरती शिकली की शिरोवेष्टन, झगा, गळ्यातले आणि अंगठी या चारी वस्तूंवर विध्वंसाच्या खर्चात पंचवीस पंचवीस टक्के सूट भारता येते. चार पंचविसे शंभर. मग मंत्राला खर्च शून्य. दोन्ही हातांनी अग्नी फेकीत बसावे, समोरचा ड्रॅगनसुद्धा धक्के खात उभा राहतो. चिरंजीवांनी मागे एकदा तसा मांत्रिक केला होता. त्याचा राखलेला डाव त्यांनी मला उघडून दाखवला.

मी खेळलो. पंधरा मिनिटांत चार गुहा साफ केल्या. माझे केसही विसकटले नाहीत. आणि मग लेखकाची सवय म्हणून मी सहज बोलून गेलो, "अरे, याच्या नायकाला काहीच पडत नाही. ह्याने मिळवलंय तरी काय? ह्याला कुणीतरी सगळं आयतं अंगावर चढवून दिलंय."

तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "माझे निबंध तुम्हीच लिहून द्यायचात ना, बाबा."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. पाचवीपासून दहावीपर्यंत त्याचा प्रत्येक निबंध, प्रत्येक भाषण, प्रकल्पांच्या वह्यांची प्रस्तावनासुद्धा मी लिहून दिली होती. पावसाळ्यातील एक दिवस, माझा आवडता सण, मी पंतप्रधान झालो तर. आंतरशालेय स्पर्धांत तीनदा पहिले बक्षीस मिळाले होते. ते पेले खाली दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहेत, आणि आल्यागेल्याला मी ते दाखवत आलो आहे. तो मात्र त्या कपाटाकडे कधी पाहत नसे. मला ते लाजाळूपण वाटे.

बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "चुकलंच माझं."

"मीच मागायचो की," तो म्हणाला. "ते झगे काढूया. नवीन डावात सूट देणारी एकच वस्तू अंगावर घालायची. मॉड नको त्याला, आपण नेमच करू."

मी वहीच्या मागल्या पानावर चौथा नेम लिहिला. खाली दोघांनी सह्या केल्या.

सुटी संपेपर्यंत आमचा मांत्रिक तेविसाव्या पातळीवर पोहोचला. त्याची मंत्रशक्ती अजून ऐन वेळी संपते. उत्तरेकडच्या नॉर्ड लोकांना थंडीचा मारा निम्माच लागतो हे विसरून तो बर्फ फेकत बसतो आणि मग पळतो. पण परवा एका थडग्यात त्याने आधी कवच उभे केले, मग शत्रूला भ्रमात टाकले, उरलीसुरली शक्ती मोजून शेवटची ज्वाळा टाकली आणि तो जिंकला. आम्ही दोघे एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या वहिनी काय झाले म्हणून विचारायला आल्या.

चिरंजीव पुण्याला परत गेले. राहिलेल्या विषयांची परीक्षा दिवाळीनंतर आहे. परवा फराळाला घरी आले तेव्हा पिशवीतून चार कागद काढून माझ्यापुढे ठेवले. सरावाचे एक उत्तर स्वतःच लिहिले होते. मी वाचले. दोन वाक्ये लंगडी होती, तीन ठिकाणी शुद्धलेखन चुकले होते आणि तिसऱ्या पानावर एक परिच्छेद असा होता की तो मला सुचला नसता.

माझा लाल पेन खिशातच होता. मी तो खिशातच राहू दिला.

"तिसरं पान चांगलं आहे," मी म्हणालो.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तूच पुन्हा वाच."

तो कागद घेऊन माडीवर गेला. खाली अंगणात शेजारची पोरे किल्ला करीत होती. बंड्याने यंदाही आगगाडी आणली होती. ही चकल्यांचे ताट घेऊन जिन्याशी आली आणि विचारू लागली, "वर काय करतोय? खेळतोय का?"

"नाही," मी म्हणालो, "लिहितोय." आणि ताट तिच्या हातून घेऊन मीच वर गेलो.