नेम, टेकू आणि अप्पा

गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडून मला आजवर एकदाही बक्षीस मिळालेलं नाही. सोलापूरकर असाल तर सांगायला नको, जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वराची जत्रा भरते, पाळणे लागतात आणि एका कोपऱ्यात फुग्यांचा बोर्ड लावून एअर गनवाला बसलेला असतो. दरवर्षी मी नेम धरायचे, दरवर्षी फुगे जागच्या जागी. आणि दरवर्षी माझं उत्तर तयार, ‘गनची नळीच वाकडी आहे यार!’

ही सवय पुढे पुण्यातही उपयोगी पडली. मास कॉमची डिग्री आणि चार वर्षांत तीन नोकऱ्या. पहिलीत बॉस खडूस, दुसरीत पगार कमी, तिसरीत कामाला काही अर्थच नाही. शेवटी ‘आता फ्रीलान्स!’ असं सगळ्यांना मेसेज करून टाकलं आणि दोन बॅगा घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसनं थेट घरी.

घरी अप्पांनी चहा दिला. कप बशीत टकटक वाजत होता. मी बघितलं, त्यांनी बघितलं की मी बघितलं, आणि आम्ही दोघंही पावसाबद्दल बोललो.

त्या आजाराला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर असला की शांत, पण काही धरायला किंवा लिहायला गेलं की थरथर सुरू. अप्पांनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. सही जुळत नाही म्हणून लोकांचे किती चेक परत पाठवले असतील, त्यांनाच ठाऊक. आणि आता त्यांचाच चेक त्याच कारणानं परत आला होता. नव्या सहीचा नमुना देऊन टाका, असं आई रोज म्हणायची. अप्पा रोज ‘उद्या’ म्हणायचे. ओळखीच्या काउंटरवर, ओळखीच्या लोकांसमोर हात थरथरणार, हे त्यांना नको होतं.

मी शूटिंगच्या हॉलवर गेले ते मात्र एका स्टोरीसाठी. २०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. रेल्वेत टीसीची नोकरी केलेला आपल्या बाजूचा मुलगा! त्याच्या आधी याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली होती. मग सोलापुरात कोण काय करतंय, असा साधा विषय. हॉल छोटासा, दहा मीटरची रेंज, शाळेतली मुलं रांगेत. सर म्हणाले, “लिहायच्या आधी मारून बघा की.”

मला वाटलं, जॅकेट घालून स्टाइलमध्ये उभं करतील. त्यांनी खुर्चीत बसवलं. समोर भक्कम टेबल, टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या. रायफलचा पुढचा लाकडी भाग एका पिशवीवर, मागचा दस्ता दुसऱ्या छोट्या पिशवीवर. नळी कशालाच टेकवायची नाही. मी म्हटलं, “सर, असं टेकवून तर कुणीही मारेल!”

सर हसले. “मारा की मग.”

दहा मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटरचा, म्हणजे बॉलपेननं कागदावर टेकवलेलं टिंब. पहिला छर्रा उजवीकडे गेला. मी साइटचा स्क्रू फिरवला. दुसरा खाली. पुन्हा स्क्रू. तिसरा डावीकडे. चौथ्याच्या आधी सरांनी माझा हातच धरला. “स्क्रूला हात लावायचा नाही. आधी पाच मारायचे, मग बघायचं.”

त्यांचा फंडा सोपा होता. पाच छर्रे एकमेकांना चिकटून, पण मध्यापासून लांब पडले, तर चूक साइटची. स्क्रू फिरवा, आख्खा गट मध्यावर येतो. पण पाच छर्रे पाच दिशांना गेले, तर चूक तुमची. मग कितीही स्क्रू फिरवा, काही होत नाही.

माझे पाचही पाच दिशांना. नळी सरळ, टेबल भक्कम, वाळू गप्प. या वेळी दोष द्यायला कुणीच नव्हतं!

टेबलाचं काम हेच असतं, सर म्हणाले. ऑलिंपिकमध्ये एअर रायफल उभ्यानं मारतात. तेव्हा पाय हलतात, कंबर हलते, हातातली पाच किलोची रायफल हलते. शॉट चुकला तर कुणी चुकवला ते कळणार कसं? टेबल या सगळ्यांना गप्प बसवतं. उरतात तिघं : डोळा, श्वास आणि बोट. श्वास अर्धा सोडून तिथेच थांबायचं. गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी. रायफल खांद्यात गच्च दाबली, तर छातीचे ठोके साइटमध्ये दिसतात, म्हणून नुसती टेकवायची. डावा हात मागच्या पिशवीवर. पिशवी किंचित आवळली की नळीचं तोंड खाली, सोडली की वर. ट्रिगर झटक्यात ओढायचा नाही, सरळ मागे दाबत न्यायचा. आणि शॉट सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसंच बसून राहायचं. मी दर वेळी, ‘कुठे लागला?’ म्हणून डोकं वर काढत होते.

गड्ड्यावरच्या गनचंही मी विचारलं. ती स्प्रिंगची असते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच स्प्रिंग गनला मागे-पुढे झटका देते. म्हणून ती घट्ट आवळली किंवा कडक फळीवर दाबली, की नेम गेलाच. सैल तळहातावर नुसती ठेवायची, जो काय झटका द्यायचा तो देऊ द्यायचा. म्हणजे इतकी वर्षं नळी सरळच असणार!

घरी येताना डोक्यात एकच घोळत होतं. पुणं, बॉस, पगार... मी दर शॉटनंतर स्क्रूच फिरवत होते की काय? पण त्याहून मोठी गोष्ट सुचली ती रात्री. तिथे रायफलचं वजन वाळू पेलते. हाताला काही धरावंच लागत नाही.

अप्पा कॉलेजात एनसीसीत होते. पॉइंट टू-टूनं झोपून नेम मारायचे, बक्षीसही होतं. तरी पहिलं उत्तर ठरलेलंच, “मला कशाला नेतीस? हात कापायलंय माझं.” दोन आठवडे घोळवल्यावर एका रविवारी आले. टेबल बघून पुन्हा मागे सरले. “टेकू देऊन मारायचं, ते काय खरं मारणं का?”

सरांनी शांतपणे सांगितलं, पॅरालिंपिकमध्ये एक गटच असा आहे, ज्यातल्या खेळाडूंना हातानं रायफल पेलवत नाही. ते स्टँडवर ठेवून मारतात. नियमातच आहे. मेडल खरंच असतं.

अप्पा बसले. पहिले दोन इकडे-तिकडे. सरांनी खुर्ची पुढे घेतली, दोन्ही कोपरं टेबलावर पूर्ण टेकवली, मूठ सैल करायला लावली. मग हॉलमध्ये फक्त छर्ऱ्यांचे आवाज. टार्गेट आलं तेव्हा पाच भोकं दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. डावीकडे, खाली, पण एकत्र.

“साइट फिरवा,” सर म्हणाले. “माणूस बरोबर आहे.”

अप्पांनी काहीच न बोलता टार्गेटची घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या गुरुवारी ते स्वतःहून म्हणाले, “बँकेत जाऊन येऊ, चल.” काउंटरवर त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत आख्खा हात टेकवला. डावा हात कागदावर. श्वास अर्धा सोडला. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. तीन ठिकाणी सही करायची होती. जुन्या सहीसारखी एकही आली नाही. अक्षरं डावीकडे कललेली, शेवटचा फराटा खाली ओघळलेला.

पण तिन्ही सह्या अगदी सारख्या वेड्यावाकड्या.

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, “गट घट्ट आला की.” मग टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं आणि कप उचलला.